स्टेजवर गाताना समोर कागद: ठेवावा की नाही, आणि ठेवलाच तर कसा?

तिसरा_अंतरा

सहा जणांचा बँड, त्यात गायक दोन. कार्यक्रम दोन तासांचा, गाणी १८, हातात तीन आठवडे. ११ गाणी बऱ्यापैकी पाठ आहेत, ४ अर्धवट, ३ अगदी नवी. नव्यांपैकी एक आमच्यापैकी कुणालाच न कळणाऱ्या भाषेतलं.

बँडमध्ये दोन तट पडलेत. एक म्हणतो, स्टँड लावून गाणं म्हणजे घरचा अभ्यास स्टेजवर करणं. दुसरा म्हणतो, शब्द चुकण्यापेक्षा कागद बरा, लोक गाणं ऐकायला येतात, पाठांतराची परीक्षा घ्यायला नाही.

मतं दोन्हीकडची भरपूर ऐकून झाली. हवं आहे ते असं की कागद ठेवायचाच तर कसा ठेवावा म्हणजे कमीत कमी नडेल, आणि न ठेवता उभं राहायचं तर तीन आठवड्यांत पाठांतर पक्कं कसं करावं. दुसऱ्या-तिसऱ्या अंतऱ्याची अदलाबदल हा नेहमीचा घोळ आहे. त्यावर उपाय असेल तर आधी तो सांगा.

---

खर्जातला

अदलाबदल का होते ते आधी. गाताना पुढचे शब्द आपण वेगळे आठवत नसतो, चालच त्यांना ओढून वर आणते. दोन अंतऱ्यांची चाल एकच असली की एका दोराला दोन बादल्या बांधल्यासारखं होतं, कुठली वर येईल सांगता येत नाही. त्यात दोन्हीकडे सुरुवातीचा शब्द सारखा असेल तर गाडी तिथेच रूळ बदलते. उदाहरण बनवून देतो:

अंतरा १: वाट पाहते मी, दिवा लावते मी
अंतरा २: वाट पुसते मी, दार लोटते मी
अंतरा ३: वाट टाळते मी, हाक मारते मी

"वाट" म्हणेपर्यंत तिन्ही सारखे. पुढचा एक शब्द चुकला की अख्खा अंतरा चुकला, कारण बाकीच्या ओळी त्या शब्दामागून मुकाट येतात. म्हणजे इथे धोक्याच्या जागा तीनच: पाहते, पुसते, टाळते. हे तीन शब्द गाण्यातून बाहेर काढा आणि चालीशिवाय क्रमानं म्हणा. पा, पु, टा. हसू येईल, पण ऐनवेळी डोक्यात येतं ते असंच काहीतरी. मधला म्युझिक पीस वाजत असताना मनात फक्त "पु" म्हणायचं, मग पहिला अंतरा परत येत नाही. प्रत्येक गाण्यात अशी सांध्याची जागा शोधून तिच्याखाली रेघ मारा. काही गाण्यांत ती असतच नाही, ती गाणी आपोआप पाठ होतात.

आता तीन आठवडे. वाचून पाठ करू नका. वाचताना सगळं ओळखीचं वाटतं, आणि ओळखीचं वाटणं म्हणजे आठवणं नव्हे. कागद पालथा ठेवून गाणं हातानं लिहून काढा. पेन जिथे अडेल तिथे खूण करा, मग मूळ प्रत उघडा, तेवढीच ओळ बघा, पुन्हा पालथी. दोन-तीन वेळा लिहिलं की नेमकं काय येत नाही ते उघडं पडतं. ते सहसा चार-पाच शब्दांपेक्षा जास्त नसतं.

दुसरं, शेवटाकडून सुरू करा. सगळे पहिल्या ओळीपासून सुरू करतात आणि अडलं की परत पहिल्या ओळीवर येतात. त्यामुळे पहिला अंतरा पन्नास वेळा म्हटला जातो आणि शेवटचा दहा वेळा. आधी शेवटचा अंतरा, मग त्याच्या आधीचा अधिक शेवटचा, असं मागे मागे या. मग गाताना आपण कच्च्याकडून पक्क्याकडे जातो. नेहमीच्या पद्धतीत नेमकं उलटं होतं.

तिसरं, अंतर ठेवा. नवीन गाणं १ल्या, २ऱ्या, ४थ्या, ७व्या आणि १४व्या दिवशी, दर वेळी पंधरा-वीस मिनिटं. एका संध्याकाळी सलग दोन तास घोकलं तर त्या रात्री सगळं येतं आणि चौथ्या दिवशी अर्धं उडालेलं असतं. तिन्ही नवी गाणी पहिल्या तीन दिवसांतच सुरू करा, शेवटच्या आठवड्यात नवीन काही नको.

पाठ झालं की नाही हे तपासायला तीन कसोट्या. शब्द चालीशिवाय, दीडपट वेगानं, न अडखळता म्हणता येतात का? हात दुसऱ्या कामात असताना, कपड्यांच्या घड्या घालताना वगैरे, गाता येतं का? आणि कुणीतरी "तिसरा अंतरा!" ओरडलं की थेट तिथून सुरू करता येतं का? तिन्हीत पास झालं तर कागद लागणार नाही. तुमच्या "बऱ्यापैकी पाठ" असलेल्या ११ गाण्यांनाही ही परीक्षा लावा. माझी भीती नव्या तिनांची नाहीच, या अकरांची आहे. नव्यांवर मेहनत होते, यांना कुणी हात लावत नाही.

---

ओळ_दर_ओळ

वरच्याशी बराचसा सहमत, एका ठिकाणी असहमत. चालीशिवाय म्हणणं ही *कसोटी* म्हणून उत्तम, *शिकताना* मात्र शब्द आणि चाल एकत्रच घ्या. आधी कविता म्हणून पाठ केली की तिची बोलण्याची लय पक्की बसते: कुठे थांबायचं, कुठे श्वास, कुठला स्वर लांब. गाण्यात हे सगळं वेगळं असतं. मग डोक्यात दोन आवृत्त्या राहतात आणि मधल्या लांब स्वरावर त्यांची टक्कर होते. एकत्र शिका, वेगळं करून तपासा.

आणि शब्द गेलाच तर काय करायचं ते कुणी आधी ठरवत नाही. शब्द विसरल्यानं गाणं सहसा कोसळत नाही. कोसळतं ते गायकाला सावरून घ्यायला निम्मा बँड पुढे उडी मारतो आणि निम्मा जागेवर राहतो म्हणून. तेव्हा नियम एकच, वादकांनी काहीही झालं तरी रचना बदलायची नाही. अंतरा १६ मात्रांच्या चार आवर्तनांचा असेल तर चारच वाजवायची, कुणी वाचवायला जायचं नाही. गायकानं तोंड माइकपासून हलवायचं नाही, चाल स्वरावर चालू ठेवायची किंवा आधीची ओळ परत घ्यायची, आणि पुढच्या ओळीच्या तोंडाशी आत यायचं. तेही नाही जमलं तर पहिला अंतरा पुन्हा गा. ऐकणाऱ्यांपैकी फार थोड्यांच्या लक्षात येईल, तेही तुमचा चेहरा बघून. जीभ चावणं, कपाळाला हात लावणं, शेजारच्याकडे बघून हसणं हे मात्र शेवटच्या रांगेतूनही दिसतं.

तुम्ही दोन गायक आहात, हे तर सोन्याहून पिवळं. जो गात नसेल त्यानं दुसऱ्याच्या अंतऱ्याचा पहिला शब्द तयार ठेवायचा. खूण ठरवा, मान वळवून बघितलं की शब्द पुरवायचा. न मागता पुरवू नये. नुसता सूर लांबवलेला असतो आणि शेजारून शब्द येऊन आदळतो, तेव्हा येत असलेलंही जातं.

---

कन्सोलमागून

ध्वनी सांभाळणाऱ्याच्या बाजूनं लिहितो. कागदाला हरकत नाही, स्टँडच्या पाटीला आहे.

भरीव पत्र्याची पाटी छातीच्या उंचीवर माइकच्या खाली उभी केली की तीन गोष्टी होतात. पहिली, तुमचाच आवाज पाटीवर आपटून किंचित उशिरा माइकमध्ये येतो. थेट आणि परावर्तित आवाजाच्या वाटेत ३४ सेंटिमीटरचा फरक असेल तर उशीर साधारण १ मिलिसेकंदाचा. तेवढ्यानं ५०० हर्ट्झच्या आसपास आवाजात खड्डा पडतो, मग १५००, २५०० असे पुढे खड्डेच खड्डे. आवाज डब्यातून आल्यासारखा लागतो आणि इक्वलायझरनं तो नीट होत नाही, कारण तुम्ही हललात की खड्डे जागा बदलतात. दुसरी, जमिनीवरच्या मॉनिटरचा (गायकाला स्वतःचं ऐकू यावं म्हणून त्याच्याकडे तोंड करून ठेवलेल्या स्पीकरचा) आवाज पाटीवरून उसळून माइकच्या तोंडात जाऊ शकतो. कार्डिऑइड माइक पाठीमागून सगळ्यात कमी ऐकतो म्हणून मॉनिटर त्याच्या पाठीमागे ठेवतात. मध्ये आरसा उभा केलात तर ती सोय गेली आणि शिट्टी सुरू. तिसरी, तुम्हाला मॉनिटर कमी ऐकू येतो, तुम्ही वाढवायला सांगता, म्हणजे शिट्टीला आणखी आमंत्रण.

उपाय सोपा आहे. स्टँड समोर नको, बाजूला घ्या, माइकच्या रेषेपासून ३०-४० अंश. पाटी शक्य तेवढी आडवी करा, उभी नको. वरची कड कमरेच्या थोडी वर. भरीव पाटीऐवजी तारांची किंवा भोकांची पाटी असेल तर फारच छान. भरीवच असेल तर तिच्यावर जाड फेल्ट किंवा जुन्या सतरंजीचा तुकडा घाला आणि कागद त्यावर ठेवा. कागदाची सळसळही त्यानं कमी होते.

यातून एक तोटा येतो, तोही सांगतो. कागद खाली आणि बाजूला गेला की मान तिकडे वळते. माइक स्टँडवर असेल तर तोंड ५ सेंटिमीटरवरून १० वर जातं, तेवढ्यात पातळी सुमारे ६ डेसिबलनं पडते आणि आवाजातला जाडेपणाही जातो. हनुवटी छातीला लागली की गळाही आवळतो, वरचे सूर बसके येतात. म्हणून वाचायचं ते *ओळीच्या मध्ये* वाचा. आधीच्या ओळीचा शेवटचा लांब स्वर चालू असताना फक्त डोळे खाली न्या, पुढच्या ओळीचे दोन-तीन शब्द उचला, डोळे वर, मग गा. मान हलू द्यायची नाही. हेही तालमीत बसवावं लागतं, तिथे स्टँड न लावता कार्यक्रमाच्या दिवशी अचानक लावला तर डोळ्यांना जागाच सापडत नाही.

प्रकाशयोजना करणाऱ्याला आधी सांगून ठेवा. तालमीच्या खोलीत सगळं सुरेख दिसतं, आणि तिसऱ्या गाण्याला लाल दिवे लागले की लाल पेनानं लिहिलेलं कागदावरून गायब होतं. चूक कुणाचीच नसते. पांढरा कागद लाल दिसतो, लाल शाईही लाल, राहिलं काय? निळ्या दिव्यात निळी शाई तशीच पुसट होते, पिवळा हायलायटर पिवळ्या दिव्यात. काळी शाई, पांढरा कागद आणि महत्त्वाचा शब्द जाड किंवा अधोरेखित, एवढंच सगळ्या रंगांत टिकतं. पेन्सिलही नको, ती चकाकते.

---

पान_उलटा

कागदाबद्दल दोन शब्द, मग टॅबलेट.

माझं मत आधीच सांगतो: कागदावर फक्त तेच असावं जे येत नाही. पूर्ण गाणं समोर असलं की पाठ असलेल्या ओळीसुद्धा डोळा वाचायला लागतो. ते थांबवता येत नाही, अक्षर दिसलं की वाचलं जातं. आणि वाचून गायलेली ओळ ऐकताना कळते, प्रत्येक शब्दाला सारखाच जोर. म्हणून पाठ असलेल्या गाण्याला अंतऱ्याचे पहिले दोन शब्द पुरे. वरच्या उदाहरणाचा कागद असा दिसेल (काळी ४ म्हणजे पट्टी, बार म्हणजे तालाचं एक माप):

काळी ४, ठेका दुप्पट नाही
मुखडा २ वेळा
पाहते – दिवा
पीस ८ बार
पुसते – दार
पीस ८ बार, बासरी
टाळते – हाक
मुखडा ३, शेवटचा संथ

सात-आठ ओळी. अशी चार गाणी एका ए-४ पानावर मोठ्या अक्षरांत मावतात, १८ गाण्यांना पाच पानं. पानं उलटायचा प्रश्नच जवळजवळ संपला. हेच ए-३ वर आणखी मोठं छापून मॉनिटरशेजारी जमिनीवर चिकटवलं तर स्टँडही नको. चिकटवायला गॅफर टेप (स्टेजवर वापरतात ती न चकाकणारी कापडी पट्टी) वापरा, साध्या चिकटपट्टीवर दिवे चमकतात आणि ती निघताना कागद फाडते.

पूर्ण शब्द लागणाऱ्या गाण्यांसाठी: अक्षर २४ ते २८ पॉइंट, ओळींमधलं अंतर दीडपट. देवनागरीत वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार एकमेकांत घुसतात, त्यामुळे रोमन लिपीपेक्षा मोकळी जागा जास्त ठेवावी लागते. छापील एक ओळ म्हणजे एक श्वास. अंतरा दोन पानांत कधीही तोडू नका, पान बदलायचं तर म्युझिक पीसमध्ये. "मुखडा" असं लिहून मागे जायला लावू नका, तो परत छापा. कागद जाडसर, १०० जीएसएमच्या (कागदाच्या जाडीचं वजनी माप) वरचा, चकाकी नसलेला. प्लास्टिकच्या पिशव्या आणि लॅमिनेशन दिव्याखाली आरसा होतात. उघड्यावर कार्यक्रम असेल तर प्रत्येक पानाला दोन्ही बाजूंनी चिमटे. एका चिमट्यानं पान उडत नाही, पण वाऱ्यानं उलटून पालथं बसतं.

टॅबलेट: ऑटो-ब्राइटनेस बंद, ऑटो-लॉक बंद, स्क्रीन फिरणं बंद, विमान मोड चालू. पायानं पानं उलटायचं पेडल ब्लूटूथवर असेल तर विमान मोड लावल्यावर ब्लूटूथ परत चालू आहे ना ते बघा. अंधाऱ्या स्टेजवर काळी पार्श्वभूमी आणि पांढरी अक्षरं ठेवा, ब्राइटनेस २५-३० टक्के, नाहीतर खालून चेहऱ्यावर उजेड पडून माणूस भुतासारखा दिसतो. उन्हात बरोबर उलट करायचं, पांढरी पार्श्वभूमी, पूर्ण ब्राइटनेस, आणि सावली. टॅबलेट उन्हात तापला की स्वतःहून मंद होतो किंवा बंद पडतो.

पानं उलटणारं पेडल टॅबलेटच्या लेखी कीबोर्डच असतं, पुढे-मागेच्या दोन कळा. बरीच पेडल्स काही मिनिटं हात नाही लागला, म्हणजे पाय नाही लागला, की झोपतात. मग पहिल्या दाबानं पेडल जागं होतं, पान हलत नाही. तुम्ही घाईत पुन्हा दोनदा दाबता आणि पान दोन घरं पुढे. झोपेची सोय सेटिंगमध्ये बंद करता येते का ते बघा. नाही आली तर निवेदन चालू असताना एकदा पुढे-एकदा मागे दाबून ठेवा.

आपोआप सरकणाऱ्या मजकुराच्या नादी लागू नका. तो ठरलेल्या वेगानं सरकतो, आणि बासरीवाल्यानं रंगात येऊन एक आवर्तन जास्त घेतलं की तुमची ओळ वरून निघून गेलेली असते. पानागणिक उलटणंच बरं. आणि टॅबलेट असला तरी छापील प्रत स्टँडच्या मागे असू द्या.

---

अवांतरवाला

अवांतर: "खरा कलाकार कागद ठेवत नाही" हा नियम काही अनादि नाही. १८३७ मध्ये बर्लिनला पियानोवादक क्लारा वीक (पुढची क्लारा शुमान) बेथोवनचा सोनाटा स्वरलिपी न ठेवता वाजवायला बसली, तेव्हा लेखिका बेटिना फॉन आर्निमनं तिलाच आगाऊ ठरवलं होतं. समोर कागद *नसणं* हा उद्धटपणा! पुढे क्लारा आणि पियानोवादक लिस्ट यांच्यामुळे पाठ वाजवणं हीच प्रतिष्ठेची रीत झाली. आणि जवळजवळ दीडशे वर्षांनी पियानोवादक स्व्यातोस्लाव रिख्टरनं उतारवयात उलट केलं, अंधारं सभागृह, फक्त स्वरलिपीवर एक छोटा दिवा. संचालक तोस्कानिनी वाद्यवृंद स्वरलिपी न ठेवता चालवायचा, पण त्याचं एक कारण त्याची कमजोर नजर होतं. फ्रँक सिनात्रासारख्या शब्दांवर जगणाऱ्या गायकानंही शेवटच्या काळात टेलिप्रॉम्प्टर वापरला.

प्रकारही बघा. समूहगान, ऑरेटोरिओ (अभिनयाशिवाय गायलेली मोठी, बहुधा धार्मिक संगीतरचना), वाद्यवृंद यांत कागद कुणाला खटकत नाही. ऑपेरात हातात कागद चालत नाही, पण अनेक ठिकाणी शब्द पुरवायला माणूस स्टेजच्या पुढच्या कडेला खोपटात बसवतात. म्हणजे सोय सगळेच करतात. तुमच्या बँडमधला वाद खरं तर ती सोय दिसावी की नाही एवढाच आहे.

---

तिसरा_अंतरा

सगळ्यांचे आभार. पा-पु-टा आजच्या तालमीत करून बघितलं, तीन गाण्यांतल्या सांध्याच्या जागा लगेच सापडल्या. "बऱ्यापैकी पाठ" अकरांपैकी चार गाणी "तिसरा अंतरा!" या कसोटीत पडली, हेही कबूल करतो.

दोन गोष्टी राहिल्या. न कळणाऱ्या भाषेतल्या गाण्याचं काय? आणि आमच्या दुसऱ्या गायकाला जवळचा चष्मा आहे. तो लावला तरी स्टँडवरचं धूसर दिसतं, हातात धरलं की नीट दिसतं.

---

खर्जातला

त्या गाण्याला पूर्ण कागद ठेवा, बिनदिक्कत. अर्थ न कळणाऱ्या शब्दांना धरायला काही नसतं, ध्वनी तेवढा असतो, आणि एक अक्षर निसटलं की पुढचं ओढून आणणारं कुणी नाही. ऐकू येतं तसं देवनागरीत लिहा, पण शब्दांची तोड मूळ भाषेप्रमाणे ठेवा, आणि ती भाषा येणाऱ्याकडून एकदा तपासून घ्या. प्रत्येक ओळीसमोर तीन-चार शब्दांत मराठी अर्थ लिहा. तो गाताना वाचायचा नाही, पाठ करताना लागतो. आणि गाण्यांच्या क्रमात हे पहिलं किंवा शेवटचं नको, मध्ये टाका, म्हणजे स्टँड एका गाण्यापुरता पुढे आणून परत बाजूला सरकवता येईल.

---

पान_उलटा

चष्म्याचं कारण अंतर आहे. वाचायचा चष्मा साधारण ४० सेंटिमीटरसाठी केलेला असतो, स्टँड असतो ६० ते ७० वर. वाचण्याचा सगळा भार चष्म्यावरच असेल तर ४० सेंटिमीटरला अडीच नंबर लागतो, ६५ ला दीडच्या आसपास. म्हणून हातात धरलं की दिसतं आणि स्टँडवर नाही. अक्षर मोठं करून थोडं भागतं, पण खरा उपाय म्हणजे त्याला उभं करून डोळ्यापासून स्टँडवरच्या कागदापर्यंत टेपनं मोजा आणि तो आकडा चष्मा करून देणाऱ्याला सांगा. प्रोग्रेसिव्ह चष्मा (एकाच काचेत लांबचा, मधला आणि जवळचा नंबर असलेला) असेल तर मधल्या अंतराची पट्टी अरुंद असते, त्यातून बघायला तो हनुवटी वर-खाली करत राहील आणि कन्सोलमागून यांची ६ डेसिबलची तक्रार परत येईल. एकाच अंतराचा वेगळा चष्मा करा, काचांना चकाकी न येणारा लेप लावून घ्या, आणि तालमीतही तोच घालू द्या.